शोक आणि शंका : पंडिता रमाबाई

घरात अकाली मृत्यू झाला म्हणजे पुष्कळदा देवपूजेकडे हात वळत नाही, आणि मनात असे यावे याचीच मग धास्ती वाटू लागते. ज्या भगिनींना हा अनुभव आला असेल त्यांना पंडिता रमाबाईंचे चरित्र परके वाटणार नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीस दिले. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब गावोगाव फिरे. जवळ होते ते दानधर्मात सरले आणि दुष्काळ आला. व्रते, उपास, जप सारे यथासांग करूनही अन्न मिळेना. १८७४ साली वडील गेले. पाठोपाठ आई व थोरली बहीण. आईच्या तिरडीस चौथा माणूस मिळेना, तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी, म्हणून तो भार त्यांनी डोक्यावर घेतला.

पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या शेकडो कोस पायी हिंडल्या. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून त्यांत रात्री काढल्या. श्रद्धेला तडा गेला तो याच वाटेवर. पण रमाबाईंनी ना शंका दडपली, ना जुने सारे रागाने भिरकावले. १८७८ साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला. तेथे त्यांनी धर्मशास्त्रे पुन्हा बारकाईने वाचली. एरवी एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रियांना कमी लेखण्यात मात्र एक होतात, असे त्यांना दिसले.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण १८८२ साली तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा होती. अशा दुःखात त्या पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन केला. रडू आवरेपर्यंत काम थांबविले नाही; कामानेच रडू आवरत गेले.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. हा घाव ताजा असतानाच रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे अनेकांना ते फार लागले. पण नव्या धर्मातही त्यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही. गुरुभगिनींना पत्रे लिहून त्या वाद घालीत. न पटलेली गोष्ट केवळ आज्ञा म्हणून मानीत नसत. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

१८८९ साली मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास आले. मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी नव्हती. रमाबाईंनी मात्र आपले दार बंद केले नाही. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातील शेकडो मुलींना आसरा मिळाला. १९२१ साली मनोरमा गेली. १९२२ साली रमाबाईंनी देह ठेवला.

त्यांनी निवडलेली वाट आपल्याला पटो वा न पटो. पण मनात शंका आली म्हणजे आपण वाईट झालो, असे त्यांनी मानले नाही. शोकाला त्यांनी काम दिले आणि शंकेला अभ्यास. आपल्या शेजारची एखादी भगिनी असे काही बोलू लागली, तर तिला गप्प न करता जवळ बसून ऐकावे, एवढे तर आपल्या हाती आहे.