हजरत सलमान फारसी (रजि.) : आप्तांविना आलेला माणूस आणि बंधुत्वाचा हक्क

ठाण्याचा टेंभी नाका अनेक धर्मांच्या माणसांनी मिळून वसवलेला आहे. येथे पारशी बांधवांची जुनी अग्यारी आहे, बेने इस्रायल समाजाचे १८७९ साली उभारलेले शार हशमाइम हे सिनेगॉग आहे, जैन मंदिर आहे आणि थोड्याच अंतरावर मासुंदा तलावाच्या परिसरात ख्रिस्ती बांधवांचे चर्च आहे. याच नाक्यावर विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे, पण लोकांच्या तोंडी सिव्हिल हॉस्पिटल म्हणूनच रुळलेले जिल्हा रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांचा आधार ठरले. अशा कोणत्याही सरकारी रुग्णालयात आजाऱ्याच्या भेटीस गेलेल्या माणसाने दोन प्रकारच्या खाटा पाहिलेल्या असतात. एका खाटेजवळ घरचा डबा असतो आणि पायथ्याशी बसलेला भाऊ असतो. दुसऱ्या खाटेवरचा रुग्ण भेटीच्या वेळेत दरवाजाकडे पाहत राहतो आणि वेळ संपली की भिंतीकडे कूस वळवतो. औषध दोघांना एकच मिळते, परंतु दोघांचे दुखणे एक नसते.

हे दुसरे दुखणे आता जगानेही ओळखले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक नातेसंबंधांचा विचार करण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. जगातील दर सहा माणसांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि एकाकीपणा शरीरालाही पोखरतो, असे या आयोगाच्या २०२५ च्या अहवालात नमूद आहे. इस्लामने मात्र माणसांना जोडणे ही गोष्ट केवळ सद्भावनेवर सोडलेली नाही, तिला हक्काचे स्वरूप दिले आहे. हा हक्क कसा मिळतो आणि कसा द्यावा लागतो, हे ज्यांच्या चरित्रातून सर्वांत स्पष्टपणे दिसते ते सहाबी म्हणजे हजरत सलमान फारसी (रजि.).

सलमान (रजि.) यांचा जन्म इराणमधील इस्फहानजवळच्या जय्य या गावी झाला. वडील गावाचे प्रमुख व मोठे जमीनदार होते. मुलावर त्यांचे इतके प्रेम होते की त्याला ते घराबाहेर पडू देत नसत. घराण्याचा धर्म अग्निपूजेचा होता आणि पवित्र अग्नी विझू न देण्याचे काम या मुलाकडे होते. अशा रीतीने बालपण ऐश्वर्यात गेले, पण ते बंद दारांआड गेले. एकदा वडिलांनी शेतावर पाठवले असता वाटेत चर्चमधील प्रार्थनेचा आवाज त्यांच्या कानी पडला. ते आत गेले, ती उपासना त्यांना भावली आणि सूर्य मावळेपर्यंत ते तेथेच थांबले. हे कळताच वडिलांनी त्यांच्या पायात बेड्या घातल्या. सत्याचा शोध घेण्यासाठी या तरुणाने बेड्या तोडल्या आणि एका काफिल्याबरोबर शाम देशाची वाट धरली. घर, भाषा आणि नाती सर्व मागे राहिले.

शाममध्ये पहिला धर्मगुरू लोभी निघाला. तो गरिबांसाठी आलेले दान स्वतःपाशी साठवून ठेवत असे. त्याच्यानंतर आलेला गुरू मात्र खरा ईशभक्त होता आणि सलमान (रजि.) यांनी त्याची मनोभावे सेवा केली. परंतु मृत्यूने तो गुरू नेला. त्याच्या सांगण्यावरून ते मोसलला गेले, तेथून नसीबीनला आणि पुढे अमूरियाला गेले. प्रत्येक ठिकाणी एक सज्जन गुरू भेटला आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या मरणशय्येपाशी सलमान (रजि.) पुन्हा एकटे उरले. अखेरच्या गुरूने त्यांना अरबस्तानात येणाऱ्या प्रेषिताची लक्षणे सांगितली. ते खजुरांच्या भूमीत हिजरत करून येतील, सदक्याचे अन्न खाणार नाहीत, भेट म्हणून दिलेले स्वीकारतील आणि त्यांच्या दोन खांद्यांच्या मध्ये प्रेषितत्वाची खूण असेल.

आपल्याजवळची गुरे व मेंढ्या देऊन सलमान (रजि.) एका अरब काफिल्याबरोबर निघाले. काफिल्यातील लोकांनी विश्वासघात केला आणि वादी-उल-कुरा येथे त्यांना गुलाम म्हणून विकले. तेथून ते मदीनेतील बनू कुरैजा या यहुदी टोळीतील एका माणसाच्या मालकीचे झाले. गावप्रमुखाचा लाडका मुलगा आता परक्यांच्या बागेत राबत होता. एके दिवशी ते खजुरीच्या झाडावर चढलेले असताना खाली कोणीतरी कुबा येथे आलेल्या प्रेषितांची वार्ता सांगितली. ती ऐकून त्यांच्या अंगाला असा कंप सुटला की ते मालकाच्या अंगावरच कोसळतात की काय असे झाले. उतरून त्यांनी अधिक विचारले, तेव्हा मालकाने त्यांना जोराचा फटका मारून कामाला लावले.

संध्याकाळी ते साठवलेले थोडे अन्न घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि ते सदका असल्याचे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी (स.) ते सोबत्यांना दिले, स्वतः खाल्ले नाही. पुढच्या वेळी त्यांनी भेट म्हणून अन्न नेले. ते प्रेषितांनी (स.) सोबत्यांसह स्वतःही खाल्ले. तिसरी खूणही पटली, तेव्हा सलमान (रजि.) यांना रडू आवरेना. प्रेषितांनी (स.) त्यांना समोर बसवून त्यांची संपूर्ण कहाणी ऐकली आणि ती सोबत्यांनीही ऐकावी अशी इच्छा दर्शवली. वर्षानुवर्षे ज्याला कोणी काही विचारले नव्हते, त्याला प्रथम मिळाली ती ऐकून घेणारी माणसे.

परंतु ईमान मिळाले तरी गुलामगिरी संपली नव्हती. तिच्यामुळे बद्र व उहुदच्या लढायांत त्यांना भाग घेता आला नाही. प्रेषितांनी (स.) त्यांना मालकाशी मुक्ततेचा करार करण्यास सुचवले. मालकाने खजुरीची ३०० झाडे लावून देण्याची आणि ४० औकिया सोन्याची मागणी केली. ज्याच्यापाशी एक रोपही नव्हते, त्याने ३०० कोठून आणायची? प्रेषितांनी (स.) सोबत्यांना आपल्या बांधवाला मदत करण्याचे आवाहन केले. कोणी ३० रोपे आणली, कोणी २०, कोणी १५, कोणी १०. ज्याला जेवढे शक्य होते तेवढे त्याने आणले आणि संख्या पूर्ण झाली. सोबत्यांच्या मदतीने खड्डे खणले गेले आणि प्रेषितांनी (स.) आपल्या पवित्र हातांनी रोपे लावली. सोन्याची सोयही पुढे झाली आणि सलमान (रजि.) स्वतंत्र झाले. त्यांचे स्वातंत्र्य एका श्रीमंताच्या थैलीतून आले नाही, ते अनेकांच्या थोड्या थोड्या वाट्यातून उभे राहिले. येथे दान देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग नव्हते, सर्वांच्या हाताला एकच माती लागलेली होती.

हिजरी सन ५ मध्ये शत्रूंच्या एकत्रित सैन्याने मदीनेवर चाल केली. तेव्हा शहराच्या खुल्या बाजूस खंदक खणण्याची इराणी पद्धत सलमान (रजि.) यांनी सुचवली आणि परक्या देशाच्या या माणसाचा सल्ला मानला गेला. दहा-दहा जणांच्या तुकड्या करण्यात आल्या. दिवस थंडीचे होते, पोटात अन्न नव्हते आणि स्वतः प्रेषित (स.) माती वाहत होते. तेव्हा सलमान (रजि.) आमचेच, असा दावा मुहाजिर व अन्सार असे दोघेही करू लागले. हा प्रेमळ वाद प्रेषितांनी (स.) मिटवला. सलमान (रजि.) हे आपल्या घरच्यांपैकी, अहले बैतपैकी असल्याचे त्यांनी जाहीर केले. बापाचे घर सोडून निघालेल्या माणसाला अल्लाहने असे घर दिले.

प्रेषितांनी (स.) मदीनेत सोबत्यांना जोडीजोडीने एकमेकांचे भाऊ केले होते. सलमान (रजि.) यांचे बंधुत्व अन्सारपैकी हजरत अबू दरदा (रजि.) यांच्याशी जोडले गेले. अबू दरदा (रजि.) पूर्वी व्यापारी होते, पुढे इबादतीत पूर्णपणे बुडून गेले. एकदा सलमान (रजि.) त्यांच्या घरी गेले असता उम्मे दरदा (रजि.) साध्या, निरिच्छ वेषात दिसल्या. विचारल्यावर त्यांनी सांगितले की आपल्या भावाला या जगातील कशाचीच गरज उरलेली नाही. अबू दरदा (रजि.) यांनी पाहुण्यासाठी जेवण मांडले, पण स्वतः रोजा असल्याचे सांगितले. ते जेवल्याशिवाय आपण घास घेणार नाही, असे सलमान (रजि.) यांनी म्हटले, तेव्हा त्यांनी नफल रोजा सोडला. रात्री अबू दरदा (रजि.) नमाजसाठी उठू लागले. सलमान (रजि.) यांनी त्यांना झोपण्यास सांगितले. ते पुन्हा उठले, पुन्हा त्यांना झोपवले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा सलमान (रजि.) यांनीच त्यांना उठवले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी आपल्या भावाला समजावले की पालनकर्त्याचा माणसावर हक्क आहे, त्याच्या स्वतःच्या देहाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे, तेव्हा प्रत्येकाला त्याचा हक्क द्यावा. ही हकीकत प्रेषितांच्या (स.) कानी गेली, तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे असल्याची ग्वाही दिली.

या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे. अबू दरदा (रजि.) यांची झोप, आहार आणि संसार यांची घडी विसकटत होती आणि त्याला निमित्त झाली होती एक पुण्याची गोष्ट. ती चूक घरी येऊन, सोबत जेवून, रात्री मुक्काम करून दाखवणारा कोणीतरी हवा होता. दुरून केलेला उपदेश हे काम करू शकला नसता. बंधुत्व म्हणजे एकमेकांच्या घरात, ताटात आणि झोपेत लक्ष घालण्याचा प्रेमाचा अधिकार होय.

हे नाते अंतरानेही तुटले नाही. पुढे अबू दरदा (रजि.) शाममध्ये राहू लागले आणि त्यांनी सलमान (रजि.) यांना त्या पवित्र भूमीत बोलावले. उत्तरात सलमान (रजि.) यांनी कळवले की भूमी कोणाला पवित्र करत नाही, माणसाला त्याचे कर्म पवित्र करते. न्यायदानाची जबाबदारी स्वीकारलेल्या आपल्या भावाला त्यांनी सावधही केले. लोकांवर उपचार करणाऱ्या वैद्याच्या हातून जसा जीव जाऊ शकतो, तसा अन्याय घडू नये, हा त्या इशाऱ्याचा आशय होता.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत सलमान (रजि.) मदाइनचे अधिकारी झाले. वार्षिक ५००० दिरहमचे मानधन ते गरजूंमध्ये वाटून टाकत आणि स्वतः खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या विणून पोट भरत. एका दिरहमची पाती घेत व वस्तू तीन दिरहमला विकत. एक दिरहम पुढच्या मालासाठी, एक घरच्यांसाठी आणि एक सदक्यासाठी असे. एकदा बाहेरगावच्या एका माणसाने साधे कपडे पाहून त्यांना हमाल समजले व त्यांच्या डोक्यावर ओझे दिले. लोकांनी ओळखले, तो माणूस ओशाळला, पण सलमान (रजि.) यांनी ओझे त्याच्या मुक्कामी पोहोचवूनच खाली ठेवले. अधिकारपदाने त्यांना माणसांपासून दूर नेले नाही.

हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीच्या उत्तरकाळात मदाइन येथेच त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) त्यांना भेटायला आले तेव्हा सलमान (रजि.) रडत होते. मृत्यूचे भय नव्हते. प्रवाशाच्या शिदोरीइतकेच जवळ ठेवण्याचे वचन आपण पाळले नाही, अशी त्यांना खंत होती. आजूबाजूला पाहिले तर मोजकी भांडी होती. ज्याने अनेक गुरूंना एकट्याने अखेरचा निरोप दिला, त्याच्या स्वतःच्या उशाशी मात्र भाऊ बसलेला होता.

अग्निगृह, चर्च आणि यहुदी मालकाची बाग या वाटेने आलेल्या या महापुरुषाचे चरित्र टेंभी नाक्यासारख्या ठिकाणी वेगळ्या अर्थाने मनाला भिडते. आपल्या सभोवती आज असे किती सलमान आहेत? रोजगारासाठी कोकणातून, उत्तरेतून राबोडी, मुंब्रा, भिवंडी, कल्याण येथे आलेला तरुण, मुले परदेशी गेल्याने बंद फ्लॅटमध्ये राहिलेली वृद्ध शेजारीण, नव्याने ईमान आणून घरच्यांपासून तुटलेली व्यक्ती. त्यांतील कोणी आपल्या धर्माचे असेल, कोणी नसेल. शेजाऱ्याचा हक्क मात्र धर्म विचारून ठरत नाही.

आपल्याला मोठी संस्था काढण्याची गरज नाही. जमातीच्या सफेत रोज दिसणारा माणूस तीन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जावे. रुग्णालयात आपल्या माणसाला डबा नेताना शेजारच्या खाटेचीही विचारपूस करावी. नवीन आलेल्याला एक भाऊ नेमून द्यावा, जो त्याच्या घरी जेवेल आणि त्याला आपल्या घरी जेवू घालेल. ३०० रोपे एकट्याने आणायची नाहीत. प्रत्येकाने आपली १० आणायची आहेत.

अल्लाह आपल्याला एकमेकांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या वस्तीत कोणालाही एकटे राहू न देण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.