दीड डॉलरची शाळा

विद्यादान श्रेष्ठ खरे. पण जवळ काहीच नसेल तर ते करावे कसे? सज्जनहो, अमेरिकेतील एका माउलीने ते करून दाखविले, म्हणून तिचे चरित्र आम्ही येथे सांगतो.

मेरी बेथून यांचा जन्म १८७५ साली दक्षिण कॅरोलिना प्रांतात झाला. आईबाप पूर्वीचे गुलाम. सतरा भावंडांत शाळा लाभली ती हिलाच. मैल न् मैल चालून जाई आणि शिकलेले घरी येऊन भावंडांना सांगे.

त्या काळी तेथे काळ्यांच्या शाळा निराळ्या, आणि सरकारी पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे वळे. चोखोबांना राउळाबाहेर उभे करणारी बुद्धी तीच ही! १९०४ साली फ्लोरिडातील डेटोना गावी बाईंनी पाच मुली घेऊन शाळा मांडली. गाठीला दीड डॉलर. खोकी हीच बाके, जळके लाकूड ही पेन्सिल, रानफळांचा रस ही शाई. रताळ्यांचे गोडधोड करून विकावे, दारोदार मागावे, गावच्या उकिरड्याची जागा घ्यावी, पण शाळा चालवावी. १९२३ साली ती दुसऱ्या एका संस्थेशी जोडली गेली आणि पुढे तिचे महाविद्यालय झाले.

१९५५ साली बाई वारल्या. २०२२ साली अमेरिकेच्या संसदभवनात फ्लोरिडाच्या वतीने त्यांचा पुतळा बसला. आधी त्या मानावर गुलामगिरी राखणाऱ्या पक्षाचा एक सेनापती होता.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. मग वेशीबाहेरच्या पोराला पाटी मिळाली का, हे कोणी पुसावे? साधन नाही, ही सबब बाईंनी आपल्याला ठेवलेली नाही.