दुसऱ्याच्या शेतात राबणारे संत इसिदोर

मे महिन्याच्या १५ तारखेला स्पेनची राजधानी माद्रिद आपल्या आश्रयदात्या संताचा सण साजरा करते. हे संत राजे नव्हते, सेनापती नव्हते, महापंडितही नव्हते. ते एका जमीनदाराचे सालगडी होते. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांच्याकडे आज देशोदेशीचे कॅथलिक शेतकरी आपल्या पिकासाठी मध्यस्थीची याचना करतात.

इसिदोर यांचा जन्म अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात माद्रिद येथे एका दरिद्री कुटुंबात झाला. सेवील नगरीचे थोर विद्वान महागुरू संत इसिदोर यांच्यावरून मातापित्यांनी मुलाचे नाव ठेवले असे मानतात. मात्र या इसिदोरच्या वाट्याला ग्रंथ आले नाहीत, नांगर आला. माद्रिदजवळ व्हर्गास नावाच्या जमीनदाराच्या शेतावर त्यांनी आयुष्याचा मोठा काळ मजुरी केली. अल्मोराविद सैन्याच्या स्वाऱ्यांमुळे काही काळ त्यांना गाव सोडून तोरेलागुना येथे जावे लागले व तेथेच मरिया नावाच्या धर्मशील युवतीशी त्यांचा विवाह झाला, असे परंपरा सांगते.

त्यांच्याविषयीची सर्वात जुनी माहिती तेराव्या शतकातील एका लॅटिन हस्तलिखितात आहे. योहान नावाच्या एका डीकनने ते लिहिले असे मानले जाते. त्यातील प्रसंग चमत्कारांचे आहेत. परंतु त्या चमत्कारांच्या आड एका कष्टकऱ्याच्या जीवनातील खरी अडचण दडलेली आहे, आणि मला वाटते, आपण त्या अडचणीकडे आधी पाहावे.

इसिदोर पहाटे उठून प्रथम चर्चमध्ये जात, प्रार्थना करीत आणि मगच शेतावर येत. सोबतच्या मजुरांनी मालकाकडे तक्रार केली की हा मनुष्य उशिरा येतो आणि मजुरी मात्र पुरी घेतो. तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. मजुराचा वेळ मालकाने विकत घेतलेला असतो. तो प्रार्थनेसाठी खर्च करण्याचा अधिकार मजुराला आहे काय? इसिदोर यांनी हा प्रश्न टाळला नाही. माझ्या कामात तूट आली असेल तर शेजाऱ्यांकडून तिचा हिशेब करवून घ्या, ती मी माझ्या वाट्यातून भरून देईन, अशा आशयाचे उत्तर त्यांनी मालकाला दिले. देवाच्या आज्ञापालनाचा खर्च त्यांनी मालकावर टाकला नाही. तो स्वतः सोसण्याची तयारी दाखविली.

मालकाचे समाधान झाले नाही. एके दिवशी तो लपून शेतावर नजर ठेवू लागला. इसिदोर नेहमीप्रमाणे उशिरा आले व त्यांनी औत धरले. तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंना शुभ्र बैलांच्या दोन जोड्या नांगरट करीत असल्याचे मालकाला दिसले. तो धावत जवळ गेला, तर तेथे एकटे इसिदोर! तुझ्याबरोबर कोण होते, असे विचारताच इसिदोर म्हणाले की ज्या देवाचा मी धावा करतो त्याच्यावाचून मी कोणाला साहाय्याला बोलावले नाही. नांगर धरणाऱ्या देवदूतांची चित्रे पुढे याच कथेवरून रंगविली गेली.

दातृत्वाच्या कथाही अशाच साध्या आहेत. एकदा हिवाळ्यात धान्याचे पोते घेऊन ते दळणासाठी निघाले. जमीन बर्फाने झाकलेली होती आणि उपाशी कबुतरे झाडावर बसली होती. इसिदोर यांनी हातांनी व पायांनी बर्फ दूर केले आणि त्या जागी धान्य ओतले. सोबतचा मनुष्य या उधळपट्टीवर चिडला. चक्कीवर पोहोचल्यावर मात्र पीठ अपेक्षेहून कितीतरी अधिक भरले. दुसऱ्या एका दिवशी घरातील जेवण आटोपल्यावर दारी भिकारी आला. भांड्यात काही उरलेले नाही हे मरियेला ठाऊक होते. पतीने सांगितले म्हणून ती उठली, आणि भांडे भरलेले आढळले.

जुन्या करारातील नियमशास्त्र शेतमालकाला बजावते की शेताच्या कडा पूर्ण कापू नकोस, पडलेली कणसे वेचू नकोस. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू देत. प्रथमफळ देवाला आणण्याची आज्ञाही प्रामुख्याने ज्याच्याकडे पीक आहे त्यालाच आहे. इसिदोर या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. कायद्याच्या दृष्टीने ते देणाऱ्यांत नव्हे, घेणाऱ्यांत मोडत; तरीही त्यांनी दिले. आपल्याकडे आगेराच्या दिवशी भाताच्या लोंब्या वेदीपुढे नेल्या जातात. त्या लोंब्या ज्या मजुरांच्या हातांनी कापल्या, त्या हातांचेही ते अर्पण आहे, हे इसिदोर यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

त्यांच्या मृत्यूचे साल वेगवेगळे दिले जाते; तो बाराव्या शतकात झाला एवढे धरून चालू. संत आंद्रेया यांच्या चर्चच्या दफनभूमीत त्यांना साधेपणाने पुरण्यात आले. सुमारे चाळीस वर्षांनी शव उकरले तेव्हा ते अविकृत आढळले, असे हस्तलिखित सांगते. पुढे दुष्काळ पडला की माद्रिदचे लोक तो देह बाहेर काढून पावसासाठी प्रार्थना करीत. जिवंतपणी ज्याची हजेरी मोजली जात होती, त्याच मजुराच्या पायाशी सारे शहर पाण्यासाठी येऊन उभे राहिले.

पोप पाचवे पॉल यांनी १६१९ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी इग्नाती लोयोला, आविलाची तेरेजा, फिलिप नेरी आणि ज्यांचा पवित्र देह आपल्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर या चौघांबरोबर इसिदोर यांना संतपद बहाल केले. त्या पाच जणांत धर्मसंघ स्थापन करणारे होते, मठ उभारणारे होते, समुद्र ओलांडून गेलेले मिशनरी होते. संसारी आणि मजुरीवर पोट भरणारे एकटे इसिदोर होते. या घटनेला चारशे वर्षे झाली म्हणून मे २०२२ ते मे २०२३ हे वर्ष माद्रिदमध्ये पवित्र वर्ष म्हणून पाळण्यात आले.

रिकाम्या भांड्याकडे उठून गेलेल्या मरियेच्या भक्तीला मात्र ख्रिस्तसभेची मान्यता मिळण्यासाठी १६९७ साल उजाडावे लागले. ती पोप बारावे इनोसंट यांनी दिली. पतिपत्नी दोघांचेही अवशेष आज माद्रिदच्या तोलेदो रस्त्यावरील संत इसिदोर चर्चमध्ये एकत्र आहेत.