तेराव्या वर्षी विधवा झालेल्या अनुताईंनी शाळाच कुरणात नेली

शाळा भरायची, पण पोरं यायची नाहीत. कारण साधं होतं. सकाळ झाली की वारली पाड्यांवरची मुलं घरची गुरं घेऊन रानात जायची. मुलगा शाळेत बसला तर गुरांमागे जाणार कोण?

यावर अनुताई वाघ आणि त्यांच्या गुरू ताराबाई मोडक यांनी वेगळाच उपाय काढला. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची. हीच ती प्रसिद्ध कुरणशाळा.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत पती वारले. खेळायच्या वयात कपाळी वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं पुढचं आयुष्य बहुतेक वेळा चार भिंतींतच संपायचं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, खेड्यात शिकवलं आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत. नोकरी सांभाळून त्यांनी रात्रशाळेतून मॅट्रिक केलं.

१९४५ साली त्यांची गाठ ताराबाईंशी पडली. भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाईंना आता ते खेड्यात न्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी डहाणूजवळचं बोर्डी निवडलं. गोखिवऱ्यापासून डहाणूपर्यंतचा हा सगळा पट्टा आज पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. पुण्यातली पक्की नोकरी सोडून अनुताई तिथे गेल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये पोचलं.

इथल्या पोरांकडे रान होतं, झाडं होती, मोकळं आभाळ होतं. नव्हतं ते बालपण. गुरं राखणं आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं यातच दिवस जायचा. शाळेत घालायचं म्हणून त्यांना वर्गात कोंडलं असतं, तर हातातलं रानही गेलं असतं. अनुताईंनी ते होऊ दिलं नाही.

माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती. मग इथे बिया, खडे, शंख-शिंपले, पानं, फुलं हीच साधनं झाली. आकडे शिकायचे तर बिया मोजायच्या, रंग ओळखायचे तर फुलं गोळा करायची. गुरं चरत राहायची आणि शिक्षणही चालायचं. लहानग्यांसाठी पाड्यावरच, कुणाच्या तरी अंगणात बालवाडी भरायची. धाकटं भावंडं तिथे आलं की त्याला सांभाळणारी मोठी बहीणही शिकायला मोकळी व्हायची. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीची मुळं याच प्रयोगात सांगितली जातात.

दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना अनुताईंचं स्वतःचं शिकणंही थांबलं नव्हतं. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर त्या बी.ए. झाल्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तेव्हा संस्थेची सगळी जबाबदारी अनुताईंवर आली आणि त्यांनी ती अखेरपर्यंत निभावली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

अनुताईंचं स्वतःचं बालपण तेराव्या वर्षीच संपलं होतं. कोसबाडच्या पोरांचं मात्र त्यांनी तसं संपू दिलं नाही.