बिनजकातीची वाट

मुंबईच्या उत्तरेस, मालाडची खाडी जेथे समुद्रास मिळते तेथे, वेसावे नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. आज त्यास वर्सोवा म्हणतात. खाडीच्या पलीकडे मढचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांनी तो राखला, 1739 मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि 1774 मध्ये साष्टी बेटाबरोबर तो इंग्रजांच्या हाती गेला. वेसावे, अंधेरी, वांद्रे, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही सारी गावे त्या साष्टी बेटावरची. मुंबई बेट निराळे, साष्टी बेट निराळे, आणि मध्ये माहीमची खाडी.

ही खाडी रुंदीने फार मोठी नव्हती, परंतु ती ओलांडणे सोपे नव्हते. भरतीच्या वेळी होडीत बसावे लागे. ओहोटी लागली की दोन्ही काठांना चिखल उघडा पडे, आणि त्या चिखलातून माणसांना व गुरांना वाट काढावी लागे. पावसाळ्यात तर समुद्र खवळलेला असे. आषाढात कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेत, ते नारळी पौर्णिमेपर्यंत. अशा दिवसांत मुंबईला भाजी, भात, गवत किंवा सुकी मासळी घेऊन जाणाऱ्यांना खाडीशीच थांबावे लागे. होड्या उलटत, माणसे बुडत. सरकारने येथे बांध घालावा असे सर्वांना वाटे. बांधासाठी पैसा कोणी द्यावा, यावर मात्र एकमत नव्हते.

हा प्रश्न ज्यांच्या घरात सुटला ते सर जमशेटजी जीजीभाई. त्यांचा जन्म 15 जुलै 1783 रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. 1799 मध्ये, जमशेटजी सोळा वर्षांचे असताना, त्यांचे आईवडील एकापाठोपाठ वारले. शाळेत जाऊन मोठे शिक्षण घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्यांचे मामा फ्रामजी नसरवानजी मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणत. त्यांच्याच आश्रयाने जमशेटजी हिशेब शिकले, थोडेसे इंग्रजी शिकले आणि बाटल्या विकू लागले. पुढे 1803 मध्ये फ्रामजींची कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

बाटल्यांच्या धंद्यात त्यांचे मन फार काळ रमले नाही. त्या काळी मुंबईचा कापूस चीनला जाई. जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. चौथ्या सफरीत मोठे संकट ओढवले. 1805 मध्ये ते ब्रन्सविक नावाच्या जहाजातून जात असता फ्रेंचांनी ते जहाज पकडले. इंग्रज आणि फ्रेंच यांचे तेव्हा युद्ध चालू होते. जमशेटजींचा सर्व माल गेला. त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले. अंगावरील कपड्यांवाचून जवळ फारसे काही उरले नव्हते. तेथून एका डॅनिश जहाजाने ते कलकत्त्याला पोचले आणि मग मुंबईला परतले. ज्याने परक्या किनाऱ्यावर असे रिकाम्या हाताने दिवस काढले, त्याला गरिबीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. त्याची व जमशेटजींची मैत्री झाली, आणि पुढे दोघांचा व्यापार मोठा वाढला. वयाच्या चाळिशीपर्यंत जमशेटजी मुंबईतील अग्रगण्य धनिकांत गणले जाऊ लागले. येथे एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. या संपत्तीत कापसाइतकाच अफूच्या व्यापाराचाही वाटा होता. हा व्यापार तेव्हा मुंबईच्या बड्या पेढ्या उघडपणे करीत आणि कंपनी सरकार त्यावर कर घेई. परंतु त्या अफूने चीनमधील असंख्य कुटुंबांचा नाश केला. जमशेटजींच्या औदार्याचे वर्णन करताना ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे.

त्यांचे औदार्य मात्र खरे होते. 1822 मध्ये मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्ज न फेडल्यामुळे अडकलेल्या गरीब लोकांची देणी त्यांनी स्वतः भागविली व त्यांना मोकळे केले. हे त्यांच्या मोठ्या दानांपैकी पहिले होय. दुसरी एक गोष्ट गिरगावाकडील लोक पुष्कळ वर्षे सांगत आले आहेत. मुंबईच्या किल्ल्याबाहेरील मैदानात लोकांची गुरे चरत. सरकारने त्या चराईवर कर बसविला. एक म्हैस, दोन गाई एवढ्यावर ज्याचे घर चाले, त्याला हा कर देणे जड झाले. जमशेटजींनी ठाकूरद्वाराजवळ समुद्राच्या बाजूची जमीन विकत घेतली आणि तेथे कोणाचीही गुरे फुकट चरावीत अशी व्यवस्था केली. चर्नी रोड हे नाव या चराईवरून पडले असे सांगतात. काहींच्या मते त्या नावाचा उगम निराळा आहे. नाव कशावरूनही पडलेले असो, करामुळे गरिबाच्या दुधाची धार आटते, हे जमशेटजींनी ओळखले होते.

शहराच्या कारभारातही हळूहळू त्यांचा प्रवेश झाला. 1834 मध्ये सरकारने प्रथमच काही भारतीय गृहस्थांना जस्टिस ऑफ द पीस नेमले, त्यांत जमशेटजी होते आणि नाना शंकरशेट हेही होते. रस्ते झाडणे, दुरुस्त करणे, त्यासाठी घरपट्टी व गाड्यांवरील कर वसूल करणे ही कामे त्या काळी या मंडळींकडे असत. कराचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे जमशेटजींना असे जवळून पाहावयास मिळाले. नगराला रस्ते हवेत, पाणी हवे, गटारे हवीत आणि यांपैकी एकही वस्तू पैशावाचून होत नाही, ही अडचण त्यांनी व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिली.

आता पुन्हा माहीमच्या खाडीकडे वळू. मुंबई व साष्टी यांना जोडणारा एक बांध त्यापूर्वीच झाला होता. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, 1798 ते 1805 या वर्षांत, शीव व कुर्ला यांच्या मध्ये तो घातला गेला. त्या बांधावर सरकारने काही वर्षे जकात घेतली. या जकातीमागे एक विचार होता. जो वाट वापरतो त्यानेच वाटेचा खर्च द्यावा. ज्याने कधी शीव पाहिलेही नाही त्याच्या शेतसाऱ्यातून हा पैसा का जावा, असे म्हणता येण्यासारखे होते. विचार अगदीच चुकीचा नव्हता. परंतु त्याला दुसरी बाजू होती. साष्टीचा शेतकरी सरकारला शेतसारा देतच होता. मिठावर कर होता, मालावर कर होता. एवढे देऊनही आपल्या गावाहून बाजारापर्यंत जाण्यासाठी त्याने पुन्हा नाक्यावर थांबावे, हे न्यायाचे कसे? शिवाय व्यापाऱ्याच्या गाडीला जे चार आणे हलके वाटत, ते टोपलीभर भाजी विकून पोट भरणाऱ्याला त्या दिवसाची कमाई वाटत.

पश्चिमेकडील वांद्रे, अंधेरी, वेसावे या गावांना शीवचा बांध दूर पडे. त्यांना माहीमपाशीच वाट हवी होती. कंपनी सरकारने मात्र या कामावर खर्च करण्यास नकार दिला. कंपनीचे उत्पन्न थोडे नव्हते. पण लष्कर, लढाया आणि विलायतेस पाठवावयाची रक्कम यांपुढे खाडीवरील बांधाची पाळी येत नव्हती. अफगाणिस्तानातील युद्ध याच सुमारास, 1839 ते 1842 या वर्षांत झाले, आणि त्यात पाण्यासारखा पैसा गेला.

अशा वेळी आवाबाई पुढे आल्या. जमशेटजींच्या पत्नी या नात्याने लोक त्यांना लेडी जमशेटजी म्हणू लागले होते, कारण 1842 मध्ये जमशेटजींना सर ही पदवी मिळाली होती. ती मिळविणारे ते पहिले भारतीय होत. आवाबाईंनी बांधासाठी प्रथम एक लाख रुपये देऊ केले. काम सुरू झाले, खर्च वाढत गेला आणि रक्कम अपुरी पडली, तेव्हा त्यांनी आणखी 57,000 रुपये दिले. एकूण 1,57,000 रुपये झाले. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती याची कल्पना यावरून येईल, की सर जमशेटजींनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी प्रारंभी दिलेली देणगी एक लाख रुपयांची होती.

परंतु या दानातील खरी मोलाची गोष्ट रकमेत नव्हती, ती अटीत होती. या बांधावरून जाणाऱ्या कोणाकडूनही सरकारने कधी जकात घेऊ नये, अशी आवाबाईंची अट होती. दान देणारे पुष्कळ असतात. आपल्या नावाची पाटी लागावी एवढीच त्यांतील बहुतेकांची अपेक्षा असते. येथे दात्याने सरकारचाच हात बांधून ठेवला. आपण पैसे द्यावेत, बांध सरकारच्या ताब्यात जावा आणि मग नाका बसवून तेच पैसे गोरगरिबांकडून पुन्हा वसूल व्हावेत, असे होऊ नये याची काळजी त्यांनी आधीच घेतली. सरकारने अट मान्य केली. 1845 मध्ये बांध वाहतुकीस खुला झाला, त्या वेळी सर जॉर्ज आर्थर हे मुंबईचे गव्हर्नर होते.

साष्टीच्या पश्चिम भागाला आता मुंबईत शिरावयास पायवाट मिळाली. भरतीओहोटीची वेळ पाहण्याचे कारण उरले नाही. बैलगाड्या गवत व भाजी घेऊन रात्रीच निघत आणि सकाळच्या बाजाराला पोचत. रेल्वे या बाजूस यावयास अजून सुमारे वीस वर्षांचा काळ जावयाचा होता.

त्याच वर्षी, 1845 मध्ये, जमशेटजी व नाना शंकरशेट यांनी मुंबईहून आत देशात लोहमार्ग न्यावा यासाठी एक मंडळ स्थापन केले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी निघाली, तेव्हा तिच्या येथील संचालकांत हे दोघे भारतीय होते. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा घालून पाणी अडविण्याच्या कामीही जमशेटजींनी मोठी रक्कम दिली. तो बंधारा 1850 मध्ये पुरा झाला. बंड गार्डन हे नाव त्यावरूनच पडले आहे.

तरीही एका श्रीमंत माणसाने किती बांध घालावेत? मुंबई इलाख्यात अशा खाड्या, अशा नद्या शेकड्यांनी होत्या, आणि प्रत्येकीच्या काठी एक आवाबाई मिळणे शक्य नव्हते. घरोघरच्या पैशाने सरकारी कामे होऊ लागली, तर सरकारला आपल्या कर्तव्याचा विसर पडण्याचीही भीती होती. ही गोष्ट त्या काळच्या जाणत्या लोकांच्या ध्यानात येऊ लागली. 26 ऑगस्ट 1852 रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष झाले आणि सर जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष. कंपनीची सनद नवी करण्याचा विचार विलायतेत चालू होता. ती संधी साधून या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. राज्यकारभारात लोकांना स्थान नाही, वरच्या जागांवर अवाच्या सवा खर्च होतो, आणि लोकांच्या शिक्षणाकडे व उपयुक्त कामांकडे दुर्लक्ष होते, अशा स्वरूपाच्या तक्रारी त्यात होत्या. ज्या गृहस्थाला सरकारने पदव्या दिल्या, त्याचे नाव सरकारकडे जाब मागणाऱ्या संस्थेच्या शिरोभागी असावे, हे त्या काळी लहान धैर्य नव्हते. जमशेटजी बंडखोर वृत्तीचे नव्हते, ते राजनिष्ठ होते. पण कर देणाऱ्याला हिशेब विचारता आला पाहिजे, ही गोष्ट बाटल्यांच्या दुकानात हिशेब शिकलेल्या माणसाला कळली नसती तरच नवल.

1857 मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. तोही मिळविणारे ते पहिलेच भारतीय होते. त्याच वर्षी त्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा निघाली. 14 एप्रिल 1859 रोजी ते मुंबईत निधन पावले.

त्यानंतर साष्टी बेट मुंबईचे उपनगर झाले. वेसाव्याचे कोळीवाडे उंच इमारतींनी वेढले गेले. 2009 मध्ये माहीमच्या उपसागरावरून वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, आणि त्यावर टोल आकारला जाऊ लागला. वांद्र्यापासून थेट वर्सोव्यापर्यंत दुसरा सेतू बांधण्याचे कामही पुढे हाती घेण्यात आले. अशा प्रत्येक कामाच्या वेळी वृत्तपत्रांत, सभांत आणि विधिमंडळात वाद होतो. सेतूचा खर्च सर्वांच्या करातून करावा की वापरणाऱ्यांकडून टोल घेऊन भागवावा, टोल किती वर्षे घ्यावा, जमा झालेल्या पैशाचा हिशेब कोणी तपासावा, हे प्रश्न माहीमच्या खाडीकाठी 1840 च्या सुमारास जसे होते तसेच पुन्हा उभे राहतात.

माहीमचा बांध आजही वाहता आहे. तो पुष्कळदा रुंद केला गेला, त्यावरून दिवसरात्र मोटारी, बस आणि हातगाड्या जातात, आणि त्यावर जकातीचा नाका नाही. बांधाच्या दक्षिणेस माहीममधून जो मोठा रस्ता जातो त्यास लेडी जमशेटजी मार्ग असे नाव आहे. दुकानांच्या पाट्यांवर जागा थोडी असते, म्हणून तेथील दुकानदार नुसते एल. जे. रोड असे लिहितात.