समजून घ्या : मैदानं भरवणारे आचार्य अत्रे निवडणूक का हरले? प्रचार, गर्दी आणि मताचं गणित

पिंपरीत संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. नाटक, शाळेचं गॅदरिंग, कधी एखाद्या पक्षाचा मेळावा, तिथे काही ना काही चालू असतं. नोकरीसाठी शहरात आलेल्या अनेकांना मात्र हे नाव म्हणजे रिक्षावाल्याला सांगायची खूण, एवढंच माहीत असतं.

ज्यांचं नाव या वास्तूला आहे ते अत्रे मराठीतले सगळ्यात ताकदीचे प्रचारक होते. मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, तरी त्यांचा अग्रलेख संध्याकाळपर्यंत चाळीचाळीत पोहोचायचा. त्यांच्या सभेला मैदानं भरायची. तरीही १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून उभे राहिलेले अत्रे हरले. मग प्रचारानं मत फिरतं की नाही? टाळ्या आणि मत यांत फरक काय? उत्तर अत्र्यांच्या आयुष्यातच सापडतं.

अत्रे राजकारणात आले कुठून?

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा. पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या कोढीत खुर्द गावात. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते पुण्यात कॅम्प भागातल्या शाळेत शिकवू लागले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी शिक्षणशास्त्राची पदविका घेतली.

लोक त्यांना ओळखू लागले ते विनोदामुळे. १९२५ मध्ये आलेल्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहात त्यांनी त्या काळच्या कवींच्या शैलीची टिंगल केली. नंतर ‘साष्टांग नमस्कार’, ‘लग्नाची बेडी’, ‘मोरूची मावशी’ अशी नाटकं आली. १९५३ चा त्यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट ठरला.

म्हणजे राजकीय प्रचाराच्या ऐन धामधुमीत ते उतरले, तेव्हा समोर बसलेल्या माणसाला कधी हसवायचं आणि कधी रडवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर्गातली मुलं, नाटकाचा प्रेक्षक आणि सभेचा श्रोता असा तिहेरी सराव त्यांच्या पाठीशी होता. राजकारणाचा अनुभवही होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस काँग्रेसकडून ते पुणे नगरपालिकेत होते. पुण्याच्या मंडईला महात्मा फुले यांचं नाव मिळालं, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९४० मध्ये त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक सुरू केलं.

ठिणगी कुठे पडली?

भाषावार प्रांतरचना ठरत होती आणि मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली तयार नव्हती. २० नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार झाले. या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांची आठवण महाराष्ट्र आजही काढतो.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले. अत्रे त्यांचा सगळ्यात मोठा आवाज झाले. १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढलं.

‘मराठा’चं तंत्र नेमकं काय होतं?

आजच्या भाषेत सांगायचं तर अत्र्यांनी चार गोष्टी एकदम केल्या.

पहिली, हसवणं. विरोधकाचा युक्तिवाद खोडण्याआधी ते त्याला हास्यास्पद करून टाकत. ज्याला आपण हसलो, त्याचं म्हणणं गंभीरपणे ऐकणं मग जड जातं.

दुसरी, नाव ठेवणं. मोठ्या नेत्याला एक चुरचुरीत टोपणनाव दिलं, की पुढच्या प्रत्येक बातमीत टीका आयतीच बसते.

तिसरी, अतिशयोक्ती आणि पुनरुक्ती. कुठलीही गोष्ट हजारो वर्षांत घडली नाही असं सांगायची त्यांची सवय तर प्रसिद्धच होती. एकच मुद्दा ते रोज नव्या कपड्यात आणत. पुनरुक्ती का चालते, यावर १९७७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही विधानं लोकांना काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा दाखवली गेली. जी विधानं वारंवार समोर आली, ती लोकांना जास्त खरी वाटू लागली, मग ती खोटी असोत वा खरी. ओळखीचं झालेलं वाक्य मेंदू तपासत बसत नाही.

चौथी आणि सगळ्यात परिणामकारक, पोहोचवण्याची साखळी. अंक एक जण विकत घ्यायचा, पण गिरणीच्या फाटकावर, चाळीच्या गॅलरीत, हॉटेलच्या बाकावर तो मोठ्यानं वाचला जायचा. जोडीला अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर या शाहिरांची पथकं होती. वाचता न येणाऱ्यांपर्यंतही तोच मुद्दा गाण्यातून जात होता.

१९५७ : मतदारानं अत्र्यांचं ऐकलं का?

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून थोडक्या मतांनी निवडून आले. अत्रे मुंबईतून विधानसभेवर गेले. द्विभाषिक मुंबई राज्यात ३९६ पैकी २३४ जागा जिंकून काँग्रेसनं सत्ता राखली खरी, पण गुजरात आणि विदर्भासारख्या भागांच्या जोरावर. जिथे समितीची हाक पोहोचली होती तिथला कौल स्पष्ट होता.

हे ‘मराठा’नं घडवलं असं म्हणायचा मोह होतो. पण ‘मराठा’ निघाला नोव्हेंबर १९५६ मध्ये. चौपाटीची सभा उधळली गेली आणि रस्त्यावर रक्त सांडलं ते त्याच्या महिने आधी. राग आधीच होता.

अमेरिकेत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एका भागात त्याच त्या मतदारांना काही महिने पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. प्रचारामुळे पक्ष बदललेले लोक फार थोडे निघाले. बहुतेकांचा आधीचा कल प्रचारानं पक्का झाला होता. आणखी एक गोष्ट दिसली. माणसावर वर्तमानपत्र किंवा रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचा जास्त प्रभाव पडतो. चाळीत मोठ्यानं अंक वाचणारा तो शेजारी आठवा.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेच हे. ॲम्प्लिफायर सिग्नल तयार करत नाही, आलेला वाढवतो. आत सिग्नलच नसेल तर कितीही आवाज वाढवा, फक्त खरखर ऐकू येते. अत्रे प्रचंड मोठे ॲम्प्लिफायर होते. सिग्नल लोकांचा होता.

गर्दीत माणूस डोकं गहाण ठेवतो का?

फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ले बाँ यांनी १८९५ मध्ये मांडलं होतं, की गर्दीत शिरलेला माणूस स्वतःची बुद्धी हरवतो आणि भावनेच्या लाटेवर वाहतो. हे पुस्तक जगभरच्या राजकारण्यांनी वाचलं. नंतरच्या अनेक अभ्यासकांना मात्र ते सरसकट मान्य झालं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दोन्ही बाजू दिसतात. चौपाटीवर सभा उधळणारी गर्दी आहे. आणि ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी पंतप्रधान नेहरू आले, तेव्हा रस्त्याच्या कडेला काळे झेंडे घेऊन उभे राहिलेले हजारो लोकही आहेत. एवढा मोठा जमाव, एवढा संताप, तरी निदर्शनं शांततेत पार पडली. समितीनं संयम पाळायला सांगितलं होतं आणि लोकांनी तो पाळला. गर्दीला काय हवंय आणि तिच्यासमोर उभा असलेला नेता तिला काय सांगतोय, यावर पुष्कळ ठरतं.

राज्य मिळालं, मग गर्दी कुठे गेली?

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. अत्र्यांची मागणी पूर्ण झाली आणि तिथेच त्यांच्या राजकीय ताकदीला ओहोटी लागली. समितीतले पक्ष आपापल्या वाटेनं गेले.

१९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. नेतृत्व होतं यशवंतरावांचं, ज्यांच्यावर ‘मराठा’नं आग ओकली होती. लोक बदलले नव्हते, प्रश्न बदलला होता. १९५७ चा प्रश्न होता मुंबई कुणाची. १९६२ चा प्रश्न होता हे नवं राज्य चालवणार कोण. पाणी, कारखाना, रस्ता, सोसायटीचं कर्ज कोण देणार. त्याच वर्षी राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि एमआयडीसी स्थापन झाली.

आपल्या पट्ट्याचा जन्म याच टप्प्यातला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्येच पिंपरीत आली होती, पण एमआयडीसीनंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीचं चित्र पालटलं. १९७० मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. चाकणची पाळी त्यानंतर आली. ज्या राज्यासाठी अत्र्यांनी रान पेटवलं, त्या राज्यानं हे कारखाने उभे केले. पण कारखाने उभारण्यासाठी मतदारानं निवडलेली माणसं वेगळी होती.

अत्र्यांची लेखणी मात्र थांबली नाही. १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आलं आणि तुफान चाललं. नव्या पिढीचा राग आता वेगळा होता, नोकऱ्यांचा. तो ‘मार्मिक’नं पकडला आणि त्यातून १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली. ‘मार्मिक’ आणि ‘मराठा’ यांच्यात कडाक्याचं शब्दयुद्ध झालं. टोपणनावं, व्यंगचित्रं, टिंगल. अत्र्यांनी वर्षानुवर्षं वापरलेली हत्यारं आता त्यांच्याच दिशेनं येत होती. १९६७ ला ते हरले. १३ जून १९६९ ला त्यांचं मुंबईत निधन झालं.

याची किंमत कुणी मोजली?

अत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनाही मान्य करावं लागतं, की त्यांची टीका अनेकदा मुद्दा सोडून माणसावर घसरली. विरोधकाचं खासगी आयुष्यही सुटलं नाही. काम न्यायाचं होतं म्हणून प्रत्येक वार न्यायाचा ठरत नाही.

ज्या नेहरूंवर त्यांनी मुंबईसाठी इतका हल्ला चढवला, त्यांच्या १९६४ मधल्या निधनानंतर त्याच अत्र्यांनी हळवी लेखमाला लिहिली. ‘सूर्यास्त’ नावानं तिचं पुस्तक झालं. कुणी याला मनाचा मोठेपणा म्हणेल. पण एक अवघड प्रश्न उरतो. लिहिणाऱ्याला जर माणूस मोठा वाटत होता, तर वाचणाऱ्याला फक्त खलनायक का दाखवला? प्रचारक मागे फिरू शकतो. त्याच्या शब्दांवर विसंबून शेजाऱ्याशी कायमचं बिनसवून बसलेल्या वाचकाला ते तितकं सोपं नसतं.

आपल्यासाठी यात काय आहे?

आज चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या चार ग्रुपवर तोच व्हिडिओ येतो. गिरणीच्या फाटकावर अंक वाचणाऱ्याची जागा सोसायटीच्या ग्रुपनं घेतली आहे. तंत्र तेच आहे, फक्त अग्रलेखाखाली अत्र्यांचं नाव असायचं आणि फॉरवर्डचा मूळ धनी कुणालाच माहीत नसतो.

म्हणून मत देण्याआधी तीन गोष्टी तपासून पाहता येतात. मला आलेला राग माझ्या रोजच्या अडचणीतून आलाय, म्हणजे तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी, नळाचं पाणी, कंत्राटी नोकरी, की तो मला कुणी पाठवलाय? मी हसलो म्हणून मला मुद्दा पटला, की खरंच पटला? आणि माझा प्रश्न मांडणारा माणूस तो सोडवणाराही आहे का?

१९५७ आणि १९६२ च्या मतदारानं तिसरा प्रश्न स्वतःला विचारला असावा. त्यानं अत्र्यांना टाळ्या दिल्या, गरज होती तेव्हा मतही दिलं आणि काम बदलल्यावर मत दुसरीकडे टाकलं. त्याला भोळी गर्दी म्हणणं सोपं आहे. आकडे मात्र सांगतात, की सभेतून घरी गेल्यावर तो स्वतःचा हिशेब करत होता.