वतन सोडून ढोलकीमागं गेलेला कुलकर्णी : पठ्ठे बापूराव

पिंपळवंडी (ता. जुन्नर) : पाडवा जवळ आला की आपल्याकडं गावोगावच्या यात्रा कमिट्यांची धावपळ सुरू होते. वर्गणी गोळा होते आणि चार जाणती माणसं गाडी काढून नारायणगावला जातात. तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. कुठला फड, किती पैसे, रात्रीचा खेळ की दुसऱ्या दिवशी हजेरीपण, हे सगळं ठरतं आणि सुपारी दिली जाते. त्या राहुट्यांत आजही ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, ते शाहीर म्हणजे पठ्ठे बापूराव. ते ना तमासगीराच्या घरात जन्मले, ना त्यांच्या घरात कुणी कधी ढोलकीला हात लावला होता.

बापूरावांचं खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 11 नोव्हेंबर 1866, गाव रेठरे हरणाक्ष, आत्ताचा सांगली जिल्हा, तालुका वाळवा. घर ब्राह्मणाचं, हातात गावचं कुलकर्णी वतन. त्या काळी कुलकर्णी म्हणजे गावच्या दप्तराचा मालक. पाटलाच्या बरोबरीनं मान आणि बसल्या जागी पोट भरायची सोय. पोरगं हुशार, म्हणून औंधला शिकायला ठेवलं. शिकावं, दप्तर सांभाळावं, लग्न करावं आणि बाप जगला तसं जगावं, एवढंच घरच्यांच्या मनात होतं.

पण पोराचे कान दुसरीकडंच लागले होते. पहाटे जात्यावर आईच्या ओव्या ऐकायच्या आणि रात्री गावाबाहेरच्या वस्तीत ढोलकी वाजली की पाय तिकडं वळायचे. तमाशा तेव्हा मुख्यतः महार-मांग समाजातल्या कलावंतांचा होता. गावातली वरच्या जातीची माणसं तो लांबून बघायची आणि सकाळी नाकं मुरडायची. श्रीधर मात्र जवळ जाऊन बसला. आधी फडांसाठी लावण्या लिहून देऊ लागला, मग स्वतःच बोर्डावर उभा राहिला. वतनावर पाणी सोडलं आणि कुलकर्ण्यांचा श्रीधर पठ्ठे बापूराव झाला.

आज हे वाचायला सोपं वाटतं. तेव्हा शिवाशिव पाळणारा समाज होता. महार-मांगांच्या पंक्तीला बसणारा, त्यांच्याबरोबर गाणारा ब्राह्मण म्हणजे जातीतून उठलेला माणूस. घर तुटलं, भाऊबंद दुरावले. परत फिरायची वाट राहिली नाही, आणि बापूरावांनी ती शोधलीही नाही.

त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा धागा आपल्या शेजारचाच आहे. पिंपळवंडीहून आळेफाटा ओलांडून नाशिककडं निघालं, बोटा, घारगाव मागं टाकून चंदनापुरीचा घाट उतरला की हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो. टोल भरून आपण पुढं जातो. त्याच हिवरगावची पवळा. पवळाबाई तबाजी भालेराव, महार समाजात जन्मलेली. पूर्वी तमाशात बाईचं काम पुरुषच करायचा, त्याला नाच्या म्हणत. अशा काळात पवळा स्वतः बोर्डावर आली आणि नामचंद पवळा म्हणून महाराष्ट्रभर गाजली. तिचं आणि बापूरावांचं सूत जुळलं. लेखणी त्यांची, नाच आणि अदा तिची. मुंबईच्या थिएटरांत गर्दी लोटू लागली. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांपुढंही त्यांचा खेळ झाला.

बापूरावांनी गण, गवळण, लावणी, वग असं सगळं लिहिलं. त्यांचा मिठाराणीचा वग गाजला, मुंबईवरची लावणी तर घराघरात पोचली. पोथीत शिकलेली भाषा आणि वस्तीत ऐकलेली भाषा, दोन्ही त्यांच्याकडं होत्या. त्यामुळं त्यांची लावणी पंडितालाही पटायची आणि बैल हाकणाऱ्यालाही समजायची.

पण हा मार्ग फुलांचा नव्हता, आणि बापूरावही सगळ्याच बाबतीत बरोबर होते असं नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं जाऊन तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आपल्या समाजातल्या बाईला नाचवून मिळालेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांचं नाव झालं. पवळेला जातीनं आणि लोकांच्या नजरेनं शेवटपर्यंत सोडलं नाही. वाट एकच, पण दोघांना तिची किंमत वेगवेगळी मोजावी लागली. ही गोष्ट सांगताना तिचं नाव मागं ठेवून चालत नाही.

पुढं दोघांचं बिनसलं. पवळा वेगळी झाली आणि फडाची रया गेली. 1939 साली पवळा वारली. बापूरावांचे शेवटचे दिवस पुण्यात हलाखीत गेले. ज्याच्या लावण्यांवर दुसऱ्यांचे फड पोट भरत होते, त्याच्याच हातात काही उरलं नव्हतं. 22 डिसेंबर 1945 रोजी त्यांनी डोळे मिटले. पाच वर्षांनी त्यांच्या आयुष्यावर सिनेमा निघाला.

आपल्या भागात एकाच्या टोमॅटोला भाव मिळाला की पुढच्या हंगामात अख्खी शिवारं टोमॅटोनं भरतात आणि मग मार्केटला क्रेट ओतून द्यायची पाळी येते. पोरांच्या बाबतीतही तेच. शेजारचा ज्या कोर्सला गेला, त्याच कोर्सला आपला. पोराला काय जमतं, त्याचा जीव कशात रमतो, हे विचारायला सवड नसते.

बापूरावांसारखं घरदार सोडा, असं कुणी सांगणार नाही. त्यांचीही नक्कल केली तर ती नक्कलच. पण रेठऱ्याच्या त्या कुलकर्ण्यानं वतन सांभाळलं असतं, तर म्हातारपणी दोन घास सुखाचे खाल्ले असते आणि दप्तरातल्या इतर नावांबरोबर त्याचंही नाव पुसलं गेलं असतं. यंदाच्या यात्रेत पडदा वर जाईल, ढोलकीवर थाप पडेल आणि गण सुरू होईल. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी शेजारच्या नातवाला सांगेल, ही चाल बापूरावांची.